कोरड्या बोअरची नोंद

पुढच्या नाटकासाठी मिशा चिकटवून बसलेल्या माझ्या छोट्या मित्रांनो,

गॅदरिंगमध्ये पाहुण्याच्या भाषणाकडून कोणाच्या काही अपेक्षा नसतात, हे मी पुण्यात याच पेठेत लहानाचा मोठा झाल्यामुळे जाणून आहे. पण मघाशी निवेदिकेने माझ्या पीएच.डी.चा विषय वाचला, 'भेगाळलेल्या खडकांतील जलसाठ्यांचा भूभौतिक अभ्यास', आणि मागच्या रांगेतून एक लांबलचक सुस्कारा आला. तेवढ्या सुस्काऱ्याचं उत्तर देतो आणि खाली बसतो.

आत्ता आपण बसलो आहोत त्याच्या खाली, मुठेने आणून टाकलेल्या गाळाच्याही खाली, काळा बेसाल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग या दगडावर उभा आहे. मेट्रोचा बोगदा मुठेच्या पात्राखालून गेला तो हाच दगड कापत.

लोकांना वाटतं, जमिनीखाली नद्या वाहतात. आपल्याकडे तसं काही नसतं. घट्ट काळ्या पाषाणात पाण्याला शिरायलाच जागा नाही. पाणी असतं फटींत, सांध्यांत, आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र खडकात, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. असा शंभर लिटर खडक पूर्ण भिजलेला असला, तरी त्यातून निथळून हाती येतं एक ते तीन लिटर पाणी. पुणेकराच्या घरी पाहुण्याला मिळणाऱ्या चहासारखं, मोजकंच.

आता फटीचं गणित ऐका, नववीच्या मुलांना तोंडी येईल. फट दुप्पट रुंद झाली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर तिच्यातून पाणी दुप्पट नाही, आठपट वाहतं. तिप्पट रुंद झाली तर सत्तावीसपट. रुंदीचा घन. म्हणून एका भावाच्या शेतात बोअरला पाणी उसळतं आणि बांधापलीकडे दुसऱ्याच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. आपल्या भाऊबंदकीच्या कितीतरी खटल्यांचं मूळ या घनात असावं, असा माझा एक संशय आहे. तो प्रबंधात लिहिता आला नाही.

ही फट वरून शोधायची कशी? जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमधला विद्युतदाब मोजायचा. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की अधिकाधिक खोलचा अंदाज येतो. ओल्या, भेगाळ खडकातून वीज सहज जाते, घट्ट पाषाण तिला अडवतो. सोपं वाटतं ना? पण बेसाल्टच्या थरांमध्ये लाल मातकट पट्टे असतात, शेतकरी त्यांना गेरू म्हणतात. गेरू ओल धरतो, त्यामुळे त्यातूनही वीज सहज जाते. यंत्राला पाणी आणि ओली चिकणमाती यांतला फरक कळत नाही. आणि शंभर मीटरवरची बोटभर फट तर त्याला दिसतच नाही, मग तिच्यात पाणी कितीही असो.

दुसरा मार्ग भूकंपलहरींचा. त्यांतली एस-लहर, म्हणजे पुढे जाताना खडकाला आडवं हलवणारी लहर, भेगाळ खडकातून जाताना दुभंगते. भेगांच्या दिशेत हलणारा भाग पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो. पुढच्याच्या हलण्यावरून भेगा कोणत्या दिशेच्या आणि दोघांच्या पोहोचण्यातल्या फरकावरून त्या किती दाट, हे सांगता येतं. सेकंदाच्या अगदी बारीक अंशासाठी माणसं रात्ररात्र जागतात.

का जागतात, ते कोयनेला विचारा. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, 6.3 तीव्रतेचा भूकंप, पावणेदोनशेच्या आसपास मृत्यू. धरणात पाणी साठू लागून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. साठ्याचं वजन पडतं, शिवाय पाणी भेगाभेगांतून खोल उतरतं, तिथला दाब वाढतो आणि एकमेकींवर घट्ट बसलेल्या खडकाच्या बाजूंची पकड सैल होते. म्हणजे ज्या फटीतून गावाला पाणी मिळतं, तशाच फटींतून हेही होतं. या भागात पुढे गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, 2017 मध्ये ते पुरं झालं. सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. हे काम कराडला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा करते. तुमच्यापैकी कोणाला नोकरीसाठी परदेशच हवा असेल तर माझी हरकत नाही, पण कराड स्वारगेटहून एसटीने गाठता येतं.

आणि या फटी फक्त पाण्याच्याच कामाच्या नाहीत. बडोद्याजवळ पादरा इथे याच दख्खनी बेसाल्टच्या भेगांतून तेल निघतं. आइसलंडमध्ये बेसाल्टच्या फटींत पाण्याबरोबर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बहुतेक भाग दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला.

आता मला कायम विचारला जाणारा प्रश्न: 'तुमच्यात आणि पाणाड्यात फरक काय?' मी पाणाड्याची चेष्टा करत नाही. जुना पाणाड्या झाडं, उतार, ओढ्याची वळणं पाहून बोलतो, ते निरीक्षण पक्कं असतं. पण तो लागलेल्या विहिरींची यादी सांगतो, फसलेल्यांची सांगत नाही. माझ्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण कोरड्या बोअरचं आहे: कुठे, किती खोल, सळयांनी काय सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले, आणि मला वाटतं ते बरोबर होतं. शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. 'पाणी लागेल' एवढंच त्याला सांगणं ही बेजबाबदारी आहे. 'अशा जागी दहापैकी किती कोरडे गेले' हे सांगायचं, तर आधी कोणीतरी ते दहाही लिहून ठेवायला हवेत.

तेव्हा एक काम देऊन जातो. पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तरी या पेठांतल्या वाड्यांना विहिरी होत्याच. बऱ्याच आता पार्किंगखाली गेल्या. एखादी शिल्लक असेल ती शोधा. महिन्यातून एकदा दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा आणि वहीत लिहा. महिना चुकला तर 'चुकला' असं लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. बुजलेली विहीर सापडली तर तिचीही नोंद करा. दहावी झाल्यावर वही खालच्या वर्गाकडे द्या. भूगोलाच्या बाईंशी माझं बोलणं झालं आहे, दोरी आणि मोजपट्टी मी देतो. पहिला आकडा जानेवारीच्या पहिल्या रविवारी घ्या, आणि काठावर घरचं मोठं माणूस उभं असल्याशिवाय कोणीही आत डोकवायचं नाही.