टाचण प्रौढांच्या वर्गाचं

(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



शिक्षकांसमोर 'टाचण' एवढं नुसतं म्हणा, त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. साहेब तपासणीला येणार, तर आदल्या रात्री बसून वही भरून काढायची, एवढाच पुष्कळांचा टाचणाशी संबंध उरलेला असतो. मी आज बोलणार आहे ते साक्षरता वर्गाच्या टाचणाबद्दल. 'उल्लास' नावाचा नव भारत साक्षरता कार्यक्रम सध्या सुरू आहे. मुदत २०२२ ते २०२७, आणि तो आहे पंधरा वर्षांच्या पुढच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. कुठे कॉलेजातली मुलगी, कुठे निवृत्त गुरुजी, कुठे आजीला शिकवणारा नातू. त्यांच्यामागे टाचणासाठी कुणी लागत नाही. तरी त्यांनी ते लिहावं असा माझा आग्रह आहे. टाचण नसलं की वर्ग बाराखडीपाशी सुरू होतो आणि दिवाळी उलटली तरी बाराखडीपाशीच असतो.

टाचण लिहायचं तर आधी कुठे पोचायचंय ते ठाऊक हवं. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, तेव्हा साक्षर कुणाला म्हणायचं हे चक्क घड्याळ लावून ठरवलं गेलं. सोपा उतारा मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनातल्या मनात ३५. पाहून लिहिताना मिनिटाला ७ शब्द, श्रुतलेखनात ५. शंभरपर्यंतचे अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार. शिवाय वजन-मापं, पैसे, वेळ, आणि रोजच्या कामाचे अर्ज भरता येणं. या सगळ्याला साधारण २०० तास धरलेले होते. आता हिशेब करा. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस म्हटले तर चाळीस आठवडे झाले. त्यातून भाताची लावणी, काढणी, लग्नसराई आणि गावची जत्रा वजा करा. हाताशी वेळ फार नाही.

हे निकष जुने आहेत, पण मला ते आवडतात, कारण ते मोजता येतात. 'जोडाक्षरांची ओळख करून देणे' असं पुष्कळ टाचणांत लिहिलेलं असतं. ओळख करून देणार तुम्ही. समोरच्या मावशींना काय आलं, त्याचा त्यात पत्ताच नाही. त्याऐवजी तास संपताना मावशी काय करून दाखवतील ते लिहा. 'ग्रामपंचायतीची तीस शब्दांची सूचना वाचतील आणि पाणी कधी भरायचं ते सांगतील.' झालं तुमचं उद्दिष्ट.

ही सूचना मी मुद्दाम लिहून आणली आहे. ऐका. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, टाकी धुण्याचे काम असल्यामुळे उद्या गुरुवारी नळाला पाणी येणार नाही. तरी सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे. शुक्रवारी सकाळी नेहमीच्या वेळी पाणी सोडण्यात येईल. ग्रामपंचायत कार्यालय.' मोजून तीस शब्द. म्हणजे निकषातला एका मिनिटाचा मजकूर. पहिल्या दिवशी त्याला चार मिनिटं लागोत, हरकत नाही. वहीच्या कडेला चार लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी तसाच दुसरा मजकूर द्या. याच सूचनेत 'सर्व' आणि 'कार्यालय' यांच्या डोक्यावर रफार आहे, 'ग्राम' आणि 'शुक्र' यांच्या पायाशी तिरका र आहे. त्या दिवशी फळ्यावर तेवढंच घ्या. 'धुण्याचे'मधला ण्या, 'ग्रामस्थ'मधला स्थ उद्यावर टाका. आणि वाचून झाल्यावर 'पाणी कधी भरायचं?' हा प्रश्न विसरू नका. घडाघडा वाचून 'गुरुवारी भरायचं' असं उत्तर आलं, तर वाचन झालेलंच नाही.

गणिताची गोष्ट वेगळी. प्रौढांना गणित येत नाही हा गैरसमज आधी सोडा. साठ रुपये किलोची भाजी अडीच किलो घेतली, तर भाजीवाली दीडशे म्हणून मोकळी होते, आपण मोबाईल काढेपर्यंत. तिला अडतं ते लिहिण्यापाशी. 'एकशे पाच' लिहा म्हटलं की ती १००५ लिहिते. तिच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच आहे. शंभर लिहिले, पुढे पाच लिहिले. इथे 'एकक, दशक, शतक' असा घोष करून उपयोग नाही. फळ्यावर तीन घरं आखा. डावीकडच्या घरात शंभराची एक नोट, उजवीकडच्यात रुपयाची पाच नाणी, मधलं घर दहाच्या नोटांचं. दहाची नोट एकही नाही, म्हणून तिथे शून्य. आता १०५, ११५, १५० तिच्याकडूनच मांडून घ्या, मग लिहून घ्या, आणि शेवटी बचत गटाच्या पासबुकातल्या नोंदी वाचायला द्या. टाचणात या तासाचं उद्दिष्ट एकाच ओळीचं, 'मधे शून्य असलेली तीन अंकी रक्कम ऐकून लिहितील.' तीन अंकी बेरीज पुढच्या आठवड्यात. आज बेरजेकडे वळलात तर शून्याचा गोंधळ पुढे वजाबाकीत दुप्पट होऊन येईल.

टाचणात एक जागा कोरी सोडा, कोण कुठे अडलं ते लिहायला. माझ्या मते टाचणाचा सर्वांत उपयोगी भाग तोच, आणि तोच नेमका कुणी भरत नाही. लांबलचक लिहू नका. 'रफार वाचत नाही', 'मधलं शून्य गाळते', बस्स. उद्याच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्यातूनच निघतात. पाठ्यक्रम पुढे ढकलायच्या घाईत हे राहून जातं.

'उल्लास'ची परीक्षा १५० गुणांची असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. प्रमाणपत्राचं मोल मी कमी लेखत नाही; साठीतल्या आजीच्या हाती आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र येतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण टाचण ३३ टक्क्यांवर नजर ठेवून लिहू नका. तेवढ्या गुणांत परीक्षा सुटते, बँकेतली स्लिप सुटत नाही. तिथे रक्कम अंकी लिहावी लागते, अक्षरीही लिहावी लागते, आणि 'एकोणपन्नास'मध्ये नऊ कुठेच ऐकू येत नाही.

म्हणून स्वयंसेवकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या आठवड्यातला एक तास बँकेच्या पैसे काढण्याच्या स्लिपसाठी राखून ठेवा. नाव, तारीख, खातेक्रमांक, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम, सही, सगळं ज्याचं त्याला भरू द्या; तुम्ही पेन हातात घेऊ नका. आणि बँकेतून स्लिपा आणताना माणसांच्या दुप्पट मागून आणा, कारण पहिली स्लिप बहुतेक सगळ्यांचीच खराब होते.