ब्रिंजारी कुत्रा



कापसाच्या भावाचे बोलणे झाले, कर्जाचे झाले. आता आम्ही कुत्र्यावर बोलणार आहोत. हसू नका. ज्याने पराटीत आणि ज्वारीत रात्र रात्र जागल केली आहे, त्याला कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांत 'ब्रिंजारी डॉग' असे नाव सापडते. ब्रिंजारी म्हणजे आपला बंजारा. साहेबाची जीभ तशी वळली, एवढेच. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, इराणी शिकारी कुत्र्याच्या वळणाचा हा कुत्रा तांड्याबरोबर मुलूखभर फिरे. आज ते नाव कोणी घेत नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी सांभाळलेल्या जातीला कारवान म्हणतात. कारवान म्हणजे तरी काय? तांडाच. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र २००५ साली टपालाच्या तिकिटावर आले. राजाचे नाव राहिले, तांड्याचे पुसले गेले.

हा कुत्रा काही हौसेसाठी पाळलेला नव्हता. रेल्वे येण्याआधी आपल्या वऱ्हाडाचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, ही लदेणी बंजाऱ्यांची. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तरेत एकाच तांड्यात चौदा हजार बैल पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. १८०३ साली वेलस्लीची फौज अडगावला लढली, गाविलगडावर चढली, तिच्या पोटालाही बंजाऱ्यांच्याच बैलांवरून धान्य पोचत होते. एवढा माल उघड्या रानात मुक्कामाला उतरे. ना चौकी, ना पोलीस, ना विमा. रात्री गोण्यांची थप्पी रचायची, माणसे आणि बैल आत, कुत्री बाहेर. तांड्याचे सगळे भांडवल त्या कुत्र्यांच्या भरवशावर झोपत असे.

म्हणूनच छत्तीसगडात बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावी कुकुरदेवाचे देऊळ आहे. लोक सांगतात, एका बंजाऱ्याने अडचणीत सावकाराकडून कर्ज काढले आणि तारण म्हणून कुत्रा ठेवला. सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कुठे दडवला ते कुत्र्याने पाहून ठेवले होते. सकाळी धन्याचे धोतर ओढत तो त्याला तिथे घेऊन गेला. सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला मोकळे सोडले. बंजाऱ्याने दुरून कुत्रा येताना पाहिला. जबान मोडून पळून आला, असे समजून काठी घातली. कुत्रा मेल्यावर चिठ्ठी दिसली.

ही आख्यायिका आहे, खरीखोटी कोण ठरवणार? पण कुत्रा तारण घेणारा सावकार आणि दिलेल्या शब्दासाठी कुत्रा मारणारा ऋणको, दोघेही लोकांना खरे वाटले म्हणून ती टिकली. आज सातबारा ठेवूनही आपल्याला बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते असो.

१८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणी बसली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कापूस वाहिला, ते पुसद, दिग्रस, आर्णीच्या बरड जमिनीवर कापूस पिकवू लागले. वाहतुकीचा पैसा गेला, कोरडवाहू शेतीचा तोटा पदरी आला. कुत्र्याचेही काम गेले. ज्या जनावराला काम नाही त्याची पैदास कोण जपणार? तो गावठी कुत्र्यांत मिसळला.

आता काम पुन्हा आले आहे. रानडुकरे आणि रोही रात्रीतून वावर साफ करतात. या त्रासापायी ज्वारीचा पेरा सोडून दिलेले आज या मंडपातही बसले असतील. कुत्र्याने एकट्याने कळप थांबणार नाही, हे आम्हालाही कळते. पण माचाणावरच्या माणसाला तो आधी जागा करतो आणि अंधारात काय आले ते आधी सांगतो. एक मात्र ध्यानात ठेवा, कुत्रे सोडून जनावर मारले तर १९७२ च्या कायद्याने गुन्हा तुमच्यावर लागेल. राखणीला ठेवा, शिकारीला नको.

तांड्यांतून आलेल्या भावांना एवढेच विचारणे आहे : तुमच्याकडे असा उंच, लांब तोंडाचा, जुन्या वळणाचा कुत्रा किंवा कुत्री अजून आहे का? असली तर पिले कोणालाही वाटून टाकू नका. पुढच्या बैठकीला येताना नर किती, माद्या किती, कोणत्या तांड्यात, एवढे कागदावर लिहून आणा.