पुरावा जपायचा कसा, वाचायचा कसा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने वस्तीतल्या समाजभवनात आठवी ते दहावीच्या मुलींसाठी दर शनिवारी दुपारी एक वर्ग घेतला. विषय होता न्यायसहायक विज्ञान, म्हणजे सगळे ज्याला फॉरेन्सिक म्हणतात ते. पहिल्या दिवशी आम्ही विचारलं, "गुन्हा कोणी केला, हे कसं कळतं?" एक मुलगी लगेच म्हणाली, "डॉक्टर साळुंखे सांगतात ना!" सगळ्या हसल्या. 'सीआयडी' मालिका आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तिथे बाटलीत दोन थेंब टाकले की गुन्हेगार सापडतो. खऱ्या कामाला आठवडे, कधी महिने लागतात. हे काम आपल्या नागपुरातही चालतं. धंतोलीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. रक्त, विष, डीएनए अशा तपासण्यांसाठी विदर्भातले नमुने तिथे येतात.

आमच्यात शास्त्रज्ञ कोणी नाही. आम्ही आधी वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि मग घरातल्याच वस्तू घेऊन शिकवायला बसलो.

पहिला धडा बोटांच्या ठशांचा. स्टीलचा स्वच्छ पेला घेतला आणि एका मुलीला तो हातात धरायला लावला. शिसपेन्सिलीची बारीक पूड मऊ ब्रशने त्यावर हलकेच फिरवली. ठसा उमटला. त्यावर चिकटपट्टी लावून उचलली आणि पांढऱ्या कागदावर चिकटवली. मग मुली आपापली बोटं पाहू लागल्या. शंख आणि चक्र आपल्याला आज्यांनी दाखवलेलेच असतात. तिसरा प्रकार कमानीचा. पण नुसतं शंख की चक्र एवढ्यावर माणूस ओळखत नाहीत. रेषा कुठे थांबते, कुठे फुटते, हे बारकाईने जुळवतात. जुळ्या बहिणींचेही ठसे वेगळे असतात.

ठशांचं शास्त्र उभं राहण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. कोलकात्यात १८९७ साली ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांची वर्गवारी करण्याच्या पद्धतीला एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव मिळालं. पण तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची मेहनत होती. हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आमाले तर अंगठाबहाद्दर म्हणून हिणवत होते लोकं." सही करणाऱ्याची सही दुसरा गिरवू शकतो, आजींचा अंगठा गिरवता येत नाही. मुलींनी त्या दिवशी सगळ्यात आधी आजींचा ठसा घेतला.

दुसरा धडा हळदीचा. कागदाला ओली हळद लावून वाळवली. त्यावर साबणाचं पाणी टाकलं, डाग लाल झाला. आम्ही विचारलं, "मग काय कळलं?" मुली म्हणाल्या, "साबण होता." मग दुसऱ्या कागदावर धुण्याचा सोडा टाकला, तिसऱ्यावर खायचा चुना. तेही लाल. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. म्हणजे लाल रंगावरून एवढंच कळतं की साबण, सोडा, चुना यांच्यासारखं काहीतरी होतं. नेमकं काय, ते कळत नाही. प्रयोगशाळेतही असंच असतं. आधी प्राथमिक चाचणी होते, ती सांगते की हा डाग रक्ताचा असू शकतो. मग ते खरंच रक्त आहे का, माणसाचं आहे का, आणि शेवटी कोणाचं आहे, हे एकेक करून ठरवतात.

तिसरा धडा साखळीचा. आपल्या गटात पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. कोणी किती भरले, कोणी मोजले, कोणी सही केली, हे वहीत असतं. एक सही सुटली तरी बैठकीत प्रश्न येतो. पुराव्याचंही तसंच आहे. घटनास्थळी पंचनामा, मग सील, मग ठाणं, मग प्रयोगशाळा, मग कोर्ट. मधे एक कडी तुटली तर समोरचा वकील विचारतो, "हा तोच कपडा कशावरून?" म्हणून मैत्रिणींनो, पंच म्हणून तुम्हाला कधी बोलावलं तर पंचनामा वाचल्याशिवाय, किंवा वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, सही करू नका.

आता हा वर्ग आम्ही का सुरू केला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी रात्री आमच्याकडे आली. तिच्यावर जबरदस्ती झाली होती. तिची ओळख कळेल असं काही आम्ही सांगणार नाही. ती थरथरत होती. आम्ही काय केलं? पाणी तापवलं, तिला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं, आपला गाऊन दिला आणि तिचे कपडे धुऊन टाकले. मायेनेच केलं. सकाळी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तेव्हाचे कपडे कुठे आहेत?" आम्ही म्हणालो, "दोरीवर वाळताहेत." डॉक्टर आम्हाला रागावले नाहीत. पण तो क्षण आमच्यापैकी कोणीच विसरलेलं नाही.

ही गोष्ट वर्गात सांगितली. मुली गप्प झाल्या. मग नववीतल्या एकीने विचारलं, "ताई, डागच नाही सापडला, मंग ती मुलगी खोटी ठरते का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला आपल्याच विदर्भातलं एक प्रकरण सांगावं लागलं. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूरमध्ये होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचं नाव आम्ही घेत नाही. डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा जवळजवळ वीस तास उलटून गेले होते. अंगावर जखम नव्हती. शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत वीर्य सापडलं नाही. पण तिच्या कपड्यांवर आणि एका पोलिसाच्या पायजम्यावर ते सापडलं.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. खंडपीठाचं म्हणणं असं की भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. जखम नाही, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा अर्थ लावला गेला.

आम्ही मुलींना विचारलं, "हळदीचा कागद आठवा. डाग काय सांगतो?" डाग सांगतो की संबंध आला. जखम नाही हे सांगतं की जखम नाही. तिची मर्जी होती की नव्हती, हे कोणत्याही बाटलीत, कोणत्याही यंत्रात दिसत नाही. रात्री ठाण्यात, वर्दीपुढे उभी असलेली मुलगी का ओरडली नसेल, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

त्या निकालावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर अत्याचार झाला, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं तिने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तेच धरून चालायचं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा झाला. पुढे २०१३ साली कायद्यात हेही आलं की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही.

पण तपासणीतली एक वाईट रीत चालूच होती. ती म्हणजे दोन बोटांची चाचणी. बाई 'सवयीची' आहे का, हे त्यावरून लिहीत. तिला शास्त्राचा काहीच आधार नाही. आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक शास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली अशा तपासण्यांमधल्या चुका अहवालात मांडल्या. तो प्रश्न जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही चाचणी चुकीची ठरवली. २०२२ साली पुन्हा बजावलं की ही चाचणी करणारा दोषी धरला जाईल. म्हणजे फॉरेन्सिकच्या नावावर चालणारी चूक फॉरेन्सिकच्याच अभ्यासकाने दाखवून दिली. कोणी ही चाचणी करू लागलं तर ठाम नाही म्हणा.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. लिहून ठेवा.

असा प्रसंग आला तर आधी मुलीचा जीव आणि तिची सुरक्षितता. मग शक्य असेल तर आंघोळ नको, अंग पुसणं नको, कपडे बदलणं नको. बदललेच असतील तर ते धुऊ नका. पॉलिथिनमध्ये कोंबू नका, ओलाव्याने बुरशी येते आणि पुरावा सडतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. दवाखान्यात जाताना धुतलेला एक जोड सोबत घ्या.

जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. पोलिसांना कळल्यापासून २४ तासांच्या आत तिला तपासणीसाठी पाठवायचं, असा नियम आहे. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. उपचार सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने मोफत करायचे. तक्रार आधी झालेली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तपासणी तिच्या संमतीनेच करायची, मुलगी बारा वर्षांखालची असेल तर पालकांच्या संमतीने. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नोंदीची प्रत मोफत मिळते. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, असं तिच्यात आहे. ती सोय उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. म्हणजे या कामाला माणसं लागणार. आपल्या नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, बारावी सायन्सनंतर तिथे पदवी घेता येते. आमच्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं, तेव्हा दोघींनी दहावीनंतर सायन्स घ्यायचं ठरवलं. फीचं कसं करायचं, ते आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत ठरेल.

आणि एक शेवटचं. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, चार दिवस उलटून गेले असतील, तरीही जा. डाग मिळाला नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. तिचं सांगणं हासुद्धा कोर्टात पुरावाच असतो. नववीतल्या त्या मुलीला आम्ही हेच उत्तर दिलं. तुमच्या घरातल्या मुलीने विचारलं, तर तुम्हीही हेच सांगा.