तळ्यावर राहू द्या, रानात उतरू देऊ नका
(तळ्याकाठच्या हरभरा-गव्हाची राजहंसांपासून राखण)

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. पाखरं राखणं आपल्याला नवं नाही. कणीस दुधात आलं की माचा बांधायचा, हातात गोफण घ्यायची आणि चिमण्या-पोपट हाकायचे, हे आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेलं आहे. पण आज ज्या पाखराबद्दल बोलायचं आहे, ते कणसाला हात लावत नाही. ते थंडीत येतं, तळ्यावर उतरतं आणि रात्रीच्या वेळी काठच्या रानातला कोवळा हरभरा, गहू आणि घास चरून जातं. सकाळी मालक रानात येऊन बघतो, तर तळ्याकडच्या चार-सहा सऱ्या बोडक्या झालेल्या असतात. ज्याचं रानच दोन एकर आहे, त्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

पाहुणा ओळखा

या पक्ष्याचं पुस्तकी नाव पट्टकादंब. आपल्याकडे कोणी त्याला राजहंस म्हणतात, कोणी नुसतंच 'मोठी बदकं' म्हणतात. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे ही त्याची खूण. चोच आणि पाय पिवळसर-नारिंगी, वजन दोन ते तीन किलो. उन्हाळ्यात तो मंगोलिया, तिबेट आणि आपल्या लडाखमध्ये अंडी घालतो. थंडी पडली की हिमालय ओलांडून खाली येतो. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. उजनीचा जलाशय, नदीकाठ आणि मोठे तलाव येथे तो हिवाळा काढतो आणि मार्चच्या सुमारास परत फिरतो.

हा पक्षी गवत चरणारा आहे, हे ध्यानात ठेवा. तळ्यातले मासे तो खात नाही. मत्स्यबीज उचलणारे पाणकावळे आणि बगळे वेगळे. त्यांचा राग राजहंसावर काढू नका.

नुकसान कुणी केलं तेही आधी तपासा. सशाने खाल्लेली फांदी चाकूने तिरकी कापावी तशी साफ दिसते. राजहंसाने खाल्लेलं पान ओरबाडल्यासारखं, फाटकं दिसतं. ओल्या मातीत पडदा असलेल्या पायाचे ठसे उमटतात आणि बोटाएवढी लांबट, हिरवट-पांढरी विष्ठा जागोजागी पडलेली असते. चोर ओळखला तरच उपाय लागू पडतो.

त्याची रीत समजून घ्या

दिवसा हे थवे पाण्यात किंवा उघड्या काठावर विसावा घेतात. दिवस मावळला की उठतात आणि चरायला जातात. चांदणं असेल तर रात्रभर चरतात आणि पहाटे पाण्यावर परततात. म्हणून दुपारी रानात बसून राखण करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी दिवेलागणीचा तास-दीड तास आणि पहाटेचा तास हीच खरी वेळ. चांदण्या रात्री मध्ये एखादी फेरी जास्त मारावी.

दुसरी गोष्ट, हा पक्षी मोठा सावध असतो. चहूकडे नजर पोचेल अशी मोकळी, सपाट जागा त्याला लागते. पुढे काय दडलं आहे हे दिसत नसेल, तिथे तो पाऊल टाकायला कचरतो.

तिसरी गोष्ट, जिथे एकदा पोट भरलं तिथे तो रोज येतो. चार रात्री निवांत चरू दिलं, की पाचव्या रात्री हाकलणं अवघड. म्हणून थवा तळ्यावर उतरलेला दिसला, की त्याच संध्याकाळपासून राखणीला लागा.

उपाय

१. पेरणी वेळेवर करा. जिरायत हरभरा सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबर, बागायत हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर आणि बागायत गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. वेळेवर पेरलेलं पीक थवे येईपर्यंत मूळ धरून जून झालेलं असतं. मागास पेरलेलं पीक मात्र अगदी कोवळेपणी त्यांच्या तावडीत सापडतं आणि रोपं मुळासकट उपटली जातात.

२. पिकाची जागा बदला. पाण्याला लागून असलेल्या पट्ट्यात हरभरा-गहू न घेता ज्वारी किंवा करडई घ्या आणि हरभरा आतल्या बाजूला न्या. आपल्या भागात ज्वारीच्या कडेने करडई टाकण्याची जुनी चाल आहे, ती गुरांसाठी. इथेही ती उपयोगी आहे. मात्र करडईला काटे नंतर येतात. सुरुवातीला ती भाजीसारखी कोवळी असते, म्हणून पहिला महिना-दीड महिना तिच्यावर भिस्त ठेवू नका.

३. आडोसा उभा करा. तळं आणि रान यांच्यामध्ये शेवरी, घायपात किंवा हत्ती गवताची कमरेएवढी दाट ओळ असावी. पक्ष्याची नजर अडते आणि पाण्यातून चालत रानात शिरण्याची वाटही बंद होते. वर जनावरांना चारा मिळतो तो वेगळाच.

४. दोरी आणि फीत बांधा. तळ्याकडच्या बाजूला दहा-दहा हातांवर खुंट्या ठोकून दोन पदरी सुतळी ओढा. एक पदर जमिनीपासून वीतभर, दुसरा गुडघ्याच्या वर. त्याच्या वरच्या बाजूला कृषी सेवा केंद्रात मिळणारी चंदेरी-लाल फीत पीळ देऊन बांधा. उन्हात ती चमकते आणि वाऱ्यावर घूं-घूं वाजते. रात्री चमक फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून सुतळीचं कुंपण हवंच. हंगाम संपला की फीत गोळा करून आणा. ती जनावराच्या पोटात जाता कामा नये. नायलॉनचं जाळं किंवा मांजा मात्र लावू नका, त्यात इतर पक्षी आणि साप अडकून मरतात.

५. बुजगावणं हलतं ठेवा. एकाच जागी महिनाभर उभं असलेल्या बुजगावण्याच्या सावलीला पाखरं बसतात, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे. दर दोन-तीन दिवसांनी त्याची जागा आणि सदरा बदला. एक दिवस डबा वाजवा, दुसऱ्या दिवशी बॅटरीचा झोत टाका, तिसऱ्या दिवशी दोरीला बांधलेलं कुत्रं घेऊन फेरी मारा. एकच एक उपाय रोज केला, तर पक्षी त्याला सरावतो. गोफण वापरलीत तर मातीचं ढेकूळ घाला आणि ते थव्याच्या अलीकडे जमिनीवर टाका. पाखरू उठवायचं आहे, मारायचं नाही. कार्बाइड घालून उडवायच्या नळकांड्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. त्याने डोळे जातात.

६. राखण एकजुटीने करा. एकाने हाकललं की थवा शेजाऱ्याच्या रानात उतरतो, शेजाऱ्याने हाकललं की परत आपल्याकडे. यात भांडणं मात्र वाढतात. तळ्याकाठच्या सगळ्यांनी पाळ्या लावल्या, तर एकाच्या वाट्याला आठवड्यातून एखादी रात्र येते.

तळ्यावरून हुसकू नका

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, एवढा खटाटोप कशाला? तळ्यावरूनच उठवून लावतो ना." इथेच चूक होते. दिवसा विसाव्याला बसलेला थवा उठवला, तर तो भेदरून भलत्या वेळी भलत्या रानात उतरतो आणि पुन्हा पाण्यावर येतोच. त्याउलट पाण्यावर त्याला स्वस्थता दिली, काठाचं आणि पाणी ओसरलेल्या जमिनीवरचं गवत मोकळं ठेवलं, तर पोट भरायला त्याला दुसरी जागा राहते. दुसरी जागा असली, की आपल्या रानातलं भय त्याला पटतं. उपाशी पाखरू कोणत्याच बुजगावण्याला भीत नाही. म्हणून पीक राखायचं आणि पाणी सोडायचं, हा नियम ठेवा. दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी कोठार उघडलं, त्या गावची आपण माणसं. पाखरांसाठी कोठार उघडा असं मी म्हणत नाही. काठचं गवत तेवढं राहू द्या.

आपल्या शेजारी कर्नाटकात, गदग जिल्ह्यात मागडी नावाचा तलाव आहे. तिथेही हे राजहंस मोठ्या संख्येने हिवाळा काढतात. २०२४ साली त्या तलावाची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ जागांत नोंद झाली.

विष कदापि नको

रागाच्या भरात कोणी धान्याला कीटकनाशक चोळून काठावर टाकतं. असं कधीही करू नका. त्याच काठावर आपली म्हैस पाणी पिते, शेळ्या चरतात, पोरं खेळतात. विषाने मेलेलं पाखरू कुत्र्याने खाल्लं तर कुत्रं मरतं. औषध पाण्यात उतरलं तर मासे जातात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली या पक्ष्याला मारणं, पकडणं किंवा विष घालणं हा गुन्हा आहे. त्याला कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात.

मेलेला पक्षी दिसला तर

२०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग धरणावर हजारो पक्षी बर्ड फ्लूने मेले. त्यांत बहुतेक हेच राजहंस होते. त्याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, आपल्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्यांत हा रोग सापडला. भिण्याचं कारण नाही, पण सावध राहिलं पाहिजे. काठावर मेलेले किंवा मान वाकडी करून लडखडणारे पक्षी दिसले, तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. घरच्या कोंबड्या-बदकं थंडीच्या दिवसांत तळ्यावर सोडू नका. काठावरून आल्यावर हातपाय साबणाने धुवा.

चरलेल्या पिकाचं काय?

चरलेलं रान बघून लगेच कुळव घालू नका. हरभऱ्याचे शेंडे आपण भाजीसाठी खुडतोच. त्यानंतर त्याला बगलफुटी येते. मूळ शाबूत असेल आणि ओल असेल तर पीक पुन्हा फुटतं. आठ-दहा दिवस वाट बघा. शक्य असेल तर हलकं पाणी द्या आणि एक कोळपणी करा. हरभरा फुलोऱ्यात आल्यावर दोन टक्के युरियाची, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅमची, फवारणी करा. गव्हाला कांडी धरण्यापूर्वी तोंड लागलं असेल, तर पाण्याबरोबर नत्राचा राहिलेला हप्ता द्या. रोपं मुळासकट उपटलेल्या जागी मात्र नांगे भरावे लागतील, तेही लवकर. फुलं-घाटे लागल्यानंतर झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत राखण ढिली पडू देऊ नका.

ध्यानात ठेवा

• थवा उतरला त्याच संध्याकाळी राखण सुरू करा.
• दिवेलागण आणि पहाट या वेळा चुकवू नका.
• पाण्याकडच्या बाजूला आडोसा, सुतळी आणि फीत लावा.
• उपाय बदलत राहा आणि सगळे मिळून पाळ्या लावा.
• विष नको, जाळं नको, मेलेल्या पक्ष्याला हात नको.

मार्च आला की हे पाहुणे आपल्या वाटेने हिमालयापलीकडे जातील. त्यांच्या जाण्यापर्यंतचे दोन-तीन महिने नेटाने राखण केली, तर हरभरा आपल्या खळ्यावर येईल आणि तळंही जिवंत राहील. काही अडचण असेल तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटा किंवा तालुका कृषी कार्यालयात या.