जबड्याची सूज आणि एक चिवट विषाणु

इ. स. १९५७ सालीं युगांडांतील कंपाला शहरीं, मुलागो रुग्णालयांत, डेनिस बर्किट नांवाच्या आयरिश शस्त्रवैद्याला एका सहकाऱ्यानें पांच वर्षांचा एक मुलगा दाखविला. मुलाच्या जबड्याचे वरचे-खालचे, डावे-उजवे असे चारही भाग सुजून चेहरा विद्रूप झाला होता. पू होऊन आलेली सूज अशी चार ठिकाणीं एकदम येत नाहीं, आणि कर्करोग म्हणावा तर तोही प्रथम एका जागीं मूळ धरतो. बर्किटला हें कोडें सुटेना. कांहीं आठवड्यांनीं जिंजा येथील रुग्णालयाच्या खिडकींतून पाहतांना तशाच चेहऱ्याची एक मुलगी त्याच्या दृष्टीस पडली. तिच्या पोटांतही गांठी होत्या. एक रुग्ण अपवाद म्हणून सोडून देतां येतो. दोन दिसल्यावर विचारी मनुष्याला स्वस्थ बसवत नाहीं. बर्किटचा एक डोळा बालपणींच अपघातानें गेला होता, हें येथें सांगण्याजोगें आहे.

१९६१ सालीं दोन सोबत्यांसह एका जुन्या मोटारींतून दहा आठवड्यांत सुमारें दहा हजार मैल फिरून त्यानें रुग्णालयामागून रुग्णालय पालथें घातलें. उष्मा व पाऊस भरपूर असेल तेथें हा रोग. उंच, थंड किंवा कोरड्या प्रदेशांत तो जवळजवळ नाहींच. हा नकाशा हिंवतापाच्या नकाशाशीं जुळला. एखादा विषाणु डासांमार्फत पसरत असावा, असा तर्क निघाला. डासांविषयींचा तो तर्क पुढें चुकीचा ठरला, परंतु विषाणूचा शोध त्यांतूनच लागला.

या प्रवासापूर्वीं, त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत, बर्किटचें लंडनमधील व्याख्यान अँथनी एप्स्टाइन यांनीं ऐकलें होतें. युगांडाहून विमानानें येणाऱ्या गांठींचे तुकडे ते दोन वर्षें तपाशीत राहिले. हातीं कांहींच लागलें नाहीं. डिसेंबर १९६३ मध्यें धुक्यामुळें विमान दुसरीकडे उतरलें, तुकडा उशिरां पोहोंचला, व कुपींतील द्रव गढूळ झाला होता. नासलें म्हणून कोणीही तें फेंकलें असतें. एप्स्टाइन यांनीं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तों सुट्या झालेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! त्या पेशी वाढविल्यावर १९६४ च्या आरंभीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत विषाणु दिसला. एप्स्टाइन व त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नांवांवरून त्याला 'एप्स्टाइन-बार' म्हणतात. तिसरे सहकारी बर्ट अचोंग यांचें नांव मात्र त्यांत आलें नाहीं.

नवल असें कीं, जगांतील दहांपैकीं नऊंहून अधिक प्रौढांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत हा विषाणु जन्मभर निजलेला असतो, व बहुतेकांना त्याची वार्ताही नसते. लाळेवाटे तो पसरतो. आफ्रिकेंत तो तान्हेपणींच लागतो. त्यावर वरचेवर हिंवताप आला कीं त्याच पेशींची बेसुमार वाढ होते आणि त्यांवर पहारा करणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. या धांदलींत एखाद्या पेशींतील आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्याला जाऊन चिकटतो, आणि वाढीचा लगाम सुटतो.

एड्सच्या विषाणूनें प्रतिकारशक्ति हिरावलेल्या बालकांत या विषाणूचें दुसरेंही रूप दिसतें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं त्यांच्या फुप्फुसांत लसिकापेशी दाटतात. खोकला हटत नाहीं, धाप लागते, बोटांचीं टोकें फुगतात, कानाखालच्या ग्रंथी सुजतात. छातीचें क्ष-किरणचित्र क्षयासारखें दिसत असल्यानें कित्येक मुलांना महिनोन् महिने क्षयाचेंच औषध दिलें जातें. एड्सवरील औषधें वेळीं मिळालीं तर हीं फुप्फुसें सुधारतात.

जबड्याच्या रोगावरही औषध आहे. सायक्लोफॉस्फमाइडच्या एखाद्या मात्रेनें गांठ विरघळल्याचें बर्किटनेंच पाहिलें होतें. आज संपन्न देशांत दहांतील सुमारें नऊ मुलें बरीं होतात. आफ्रिकेंत प्रमाण त्याहून पुष्कळच कमी आहे. याचें कारण केवळ औषधाचा तुटवडा नव्हे. ही गांठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊं शकते, आणि तिचें पहिलें लक्षण पुष्कळदां हलणारा दांत हें असतें. आई-बाप मुलाला घेऊन प्रथम जातात तें दांत काढणाऱ्याकडे.