सुट्टीतली दिल्ली
(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू झाली, तेव्हा दिल्लीतील मराठी घरात ‘सुट्टी’ या शब्दाला एकच अर्थ होता : गावाला जाणे. पंजाब मेलमध्ये होल्डॉल चढवायचा, खिडकीशी बसायचे आणि भुसावळच्या फलाटावर मराठी आरोळ्या कानी पडल्या की वर्षभराचे परकेपण उतरले असे समजायचे. दिल्ली ही वडिलांच्या नोकरीची जागा आणि गाव ते आपले, अशी ती सरळ वाटणी होती.

आज ती वाटणी उरलेली नाही. पुष्कळांची गावाकडची घरे विकली गेली, काहींचे आजी-आजोबाच दिल्लीत राहायला आले, आणि गावाकडची भेट लग्नकार्याच्या दोन दिवसांपुरती राहिली. मुलाची सुट्टी आता याच शहरात जाते. हिवाळ्याची सुट्टी तर दाट धुक्यात आणि खराब हवेत जाते. खिडक्या बंद, मूल घरात, हातात मोबाइल. पंधरा दिवस असे निघून जातात आणि पालकांच्या मनात एक अपराधी रुखरुख ठेवून जातात.

या रुखरुखीच्या तळाशी भाषेचाही प्रश्न आहे. तिसऱ्या पिढीच्या घरात मराठी हळूहळू आज्ञांची भाषा होऊ लागली आहे : ऊठ, जेव, अभ्यास कर, दिवा मालव. कुतूहल, वाद, शोध आणि थट्टा दुसऱ्या भाषांत होतात. शाळा मुलाला ‘अक्षांश’, ‘छाया’, ‘तट’, ‘स्थलांतर’ असे शब्द देते. पण उत्तरपत्रिकेबाहेर त्यांना काम मिळाले नाही तर ते वापरावाचून गंजतात. त्यांना काम देण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे हे शहर, आणि त्याची वेळ म्हणजे सुट्टी.

आरंभ संसद मार्गावरील जंतरमंतरपासून करावा. सवाई जयसिंगाने 1724 च्या सुमारास उभारलेली ही वेधशाळा अनेक मुलांनी केवळ छायाचित्रांसाठी पाहिलेली असते. तेथील सम्राट यंत्र हे प्रचंड सूर्यघड्याळ आहे. त्याच्या मधल्या भिंतीची तिरपी कड ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे आणि तिचा जमिनीशी असलेला कोन दिल्लीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे 28.6 अंश आहे. घरी परतल्यावर गच्चीवर एक मीटर लांबीची काठी उभी करून तिची सावली मोजावी. जानेवारीच्या आरंभी मध्यान्ही ती सावली सुमारे सव्वा मीटर भरते. जूनच्या अखेरीस त्याच काठीची सावली अर्धी वीतही भरत नाही. हा मध्यान्ह घड्याळातल्या बारा वाजता होत नाही, 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास होतो. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखावृत्ताची आहे आणि दिल्ली त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे एकवीस मिनिटे मागे पडते. उरलेला फरक सूर्याच्या वार्षिक गतीतील अनियमिततेचा. एक काठी, एक मोजपट्टी आणि अर्धा तास एवढ्या साहित्यात भूगोलाचा एक अख्खा धडा गच्चीवर उतरतो.

दुसरी भेट लाल किल्ल्याची. किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवावे. दिवाण-ए-खासमध्ये उभे राहिल्यावर मुलाला मान वर करायला सांगावी. या दालनाच्या छताला एके काळी चांदी मढवलेली होती. 1760 साली सदाशिवरावभाऊ पानिपतच्या वाटेवर दिल्लीत आले, तेव्हा सैन्याच्या खर्चासाठी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडण्यात आले. मराठी मुलाला ही गोष्ट सांगताना अनेक पालकांची जीभ अडखळते. पण ती सांगितलीच पाहिजे. तालकटोऱ्याजवळ 1737 साली बाजीरावाच्या फौजेने मोगल सैन्याला दिलेला तडाखा अभिमानाने सांगायचा आणि छताची चांदी गाळायची, तर तो इतिहास राहत नाही. उपाशी सैन्य, रिकामा खजिना आणि समोर उभे संकट अशा पेचात सेनापतीने काय करावे, यावर दहा वर्षांचे मूलही आपले मत देऊ शकते. ते मत मराठीत मांडले गेले, तर घरातील मराठी त्या दिवशी आज्ञांच्या पलीकडे जाते.

त्याच धाग्याने नोएडापर्यंत जाता येते. तेथील गोल्फ मैदानात एक दगडी स्तंभ उभा आहे. 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या या काठावर जनरल लेकच्या इंग्रज फौजेने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचे हे स्मारक. त्या दिवसानंतर दिल्लीची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली. आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर पानिपत सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. 14 जानेवारी 1761 रोजी जेथे लढाई झाली, तेथे काला आंब हे स्मारक आहे. मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या मुलाने ती मोकळी, सपाट जमीन एकदा पाहावी. आज संक्रांत बहुधा त्याच तारखेला येते. तिळगूळ खिशात घेऊन तेथे जाणे अनुचित ठरणार नाही.

दिल्लीतील मराठी वारसा तलवारीपुरता नाही. अलीपूर रोडवरील 26 क्रमांकाच्या बंगल्यात 6 डिसेंबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. तेथे आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि त्याची इमारत उघडलेल्या पुस्तकाच्या, संविधानाच्या आकाराची आहे. संविधानाची उद्देशिका या शाळेतील मुले परिपाठात म्हणतात. ती तेथे उभे राहून मराठीत सावकाश वाचावी आणि त्यातील एक शब्द, समजा ‘बंधुता’, आपल्या वर्गात कोठे दिसतो व कोठे दिसत नाही, हे मुलाला विचारावे.

लहान मुलांसाठी चाणक्यपुरीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तेथे पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी पाहायला मिळते : भार एका रुळावर आणि तोल सांभाळणारे मोठे चाक रस्त्यावर. ती का पडत नाही, हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबावे; उत्तर देण्याची घाई करू नये. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची कांस्याची ‘नर्तकी’ आहे. पाठ्यपुस्तकात पानभर दिसणारी ही मूर्ती प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. तो छोटा आकार पाहून मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य पुस्तकातून मिळत नाही. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार 2019 पासून दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये भरतो. तेथे मुलाच्या हाती थोडे पैसे द्यावेत आणि निवड त्याच्यावर सोडावी. यमुनेच्या घाटांवर हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्ष्यांचे थवे येतात. ते पाहताना पाण्याचा काळा रंगही दिसतो. तो लपवू नये.

हवेचे भान मात्र सुटू नये. सकाळी बाहेर पडण्यापूर्वी हवेची स्थिती पाहावी. धुक्याच्या सकाळी दूषित हवा जमिनीलगत साचून राहते. ऊन चढले आणि वारा सुटला की ती काहीशी विरळ होते. म्हणून उघड्यावरच्या भेटी दुपारी बारा ते चार या वेळेत ठेवाव्यात. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला खराब दिवशी बाहेर नेण्याचा हट्ट धरू नये. तो दिवस घरात, आजीकडून गावाची गोष्ट ऐकून लिहून काढण्याचा.

या सर्व भेटींसाठी एक साधी शंभरपानी वही पुरेशी आहे. प्रत्येक भेटीला एक पान : काय पाहिले, काय मोजले, काय विचारले आणि कोणत्या गोष्टीला मराठी शब्द सापडला नाही. ही शेवटची ओळ सर्वांत मोलाची. ती भरताना पालकांनाही अनेकदा शब्द सापडणार नाही. त्या वेळी शब्दकोश दोघांनी मिळून उघडावा. आपल्या आईलाही शब्द शोधावा लागतो, हे कळल्यावर मुलाची भाषेविषयीची भीती निम्मी होते.

येथे माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. नोकरदार आईवडिलांना पंधरा दिवसांची रजा मिळत नाही, आणि सुट्टी कोरडी जाते ती बहुधा याच कारणाने. आस्था नसल्यामुळे नव्हे. या सभागृहात निवृत्त अभियंते, शिक्षक, परिचारिका, लेखाधिकारी बसलेले आहेत. प्रत्येकाने सुट्टीतील एकच दुपार द्यावी. पालकांच्या संमतीने चार-पाच मुलांना मेट्रोने एका ठिकाणी न्यावे आणि संध्याकाळी घरी पोहोचवावे. अशा वीस दुपारी जमल्या, तर शाळेतील शंभर मुलांची सुट्टी बदलेल. त्यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही. शाळेच्या कार्यालयात नाव आणि सोयीचा वार लिहून देणे एवढेच लागते.

साठ वर्षांपूर्वीच्या मुलाला गाव होते, म्हणून दिल्ली परकी राहिली तरी त्याचे निभावले. आजच्या मुलाला दिल्लीच गाव आहे. हे गाव त्याला त्याच्या भाषेत दाखवणारे कोणी भेटले नाही, तर ते मूल दोन्ही ठिकाणी पाहुणा राहील. सुट्टी संपल्यावर भरलेल्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात, ही अपेक्षा. शाळा शंभर वर्षांची होईल, तेव्हा दिल्लीविषयी मराठी मुलांनी स्वतः लिहिलेले काही त्या कपाटात असले पाहिजे.