पिकअप घेण्याआधी



कपाशी-ज्वारीच्या मुलखातून तुम्ही मनोरला आलात. पिकअप घ्यायचा विचार अनेकांच्या डोक्यात आहे. विकणारा इंजिनाची ताकद सांगेल. तुम्ही आरसी बुक मागा. भरल्या गाडीच्या वजनातून रिकामीचे वजा करा. उरले तेवढेच ओझे, माणसांसकट. कापसाने हौदा भरतो, वजन भरत नाही. ज्वारीच्या पोत्यांनी हौदा अर्धाच, पण पाटे बसतात. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००.

मागे ट्रॉली? चढावर इंजिन ओढील. पण पालघरच्या वाटेवर वाघोबा घाट उतरताना बिनब्रेकची ट्रॉली गाडीलाच ढकलते. कंपनीच्या पुस्तकात ओढायचे वजन दिलेले नसेल, तर जोडूच नका.

कापसाचा पैसा हंगामात येतो, हप्ता बारा महिने. वर्षाला वीसच फेऱ्या असतील, तर भाड्याची गाडी बरी.